साउंड ऑफ

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून दादरची आमची सोसायटी ती २९ला घेते. खाली पार्किंगमध्ये, स्कूटर हलवून. माझा विषय जुनाच, गच्चीची गळती. तीन पावसाळे माझ्या बेडरूममध्ये बादली आहे. पाहुणे आले की तिच्यावर टॉवेल टाकतो.

मराठीत बोललो की "भांडू नका हो" म्हणतात. तेच इंग्रजीत बोललं की फीडबॅक होतो. म्हणून यंदा माइक घेऊन म्हणालो, "फ्रेंड्स, टुडे आय वॉन्ट टू साउंड ऑफ."

अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांचा, घरचा. गणपतीत आरतीला तोच. मांडीवर वायरचं भेंडोळं, बोट कायम बटणावर. अण्णांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि खट्कन बटण बंद केलं.

मी चार मिनिटं तळमळून बोललो. पलीकडून फास्ट लोकल गेली, तिचं लोकांनी ऐकलं.

"अण्णा, चालू करा!"

"तुम्हीच ऑफ म्हणालात."

"अहो, साउंड ऑफ म्हणजे ठणकावून बोलणं."

"मग गप्प बसायचं असलं की ऑन म्हणायचं?"

"अमेरिकन लष्करात हा हुकूमच आहे. जवान ओरडून आपापला नंबर सांगतात."

"तुम्ही लष्करात होतात?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो, दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो, असला कारभार मी का अंगावर घ्यावा? सुनावणं, खडसावणं, ताशेरे ओढणं... घरात एवढी भांडी असताना शेजाऱ्याकडून कढई आणायला गेलो. सरळ कमिटीची बिनपाण्याने करायला हवी होती. पण माझ्या घरात बिनपाण्याने काही होत नाही, हीच तर तक्रार आहे. आणि ती तीन वर्षं मराठीत कुणाला ऐकू गेली नाही, तेव्हा तर अण्णांचं बटण चालू होतं.

"आता राहू द्या," अण्णा घड्याळ बघत म्हणाले. "दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे."

पावणेनऊ वाजले होते.

काल इतिवृत्त आलं. गळतीतला 'ग'सुद्धा नाही. ठराव क्रमांक ७: ध्वनिक्षेपक बंद ठेवण्यात यावा. सूचक मी, अनुमोदक अण्णा. सर्वानुमते मंजूर.