गॅस गिझर बाथरूममध्ये 'चालतो' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की गॅस गिझरबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, सूर तोच: गॅस गिझरला उगाच बदनाम केलंय, बाथरूममध्ये बसवला तरी चालतो. फक्त गॅसचा वास येत नाही ना ते बघा, एक्झॉस्ट फॅन लावा, दाराखाली फट ठेवा, कोपऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवा. ज्योत निळी असली की निर्धास्त आंघोळ करा. ऑटो कट असतोच. आणि शेवटी हमखास, 'आमच्याकडे दहा वर्षं आहे, काही झालं नाही.'

एकेक मुद्दा घेऊ.

'वास येत नसेल तर धोका नाही.' सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वासही जळून जातो. बाथरूममध्ये माणसं दगावतात ती बहुतेक वेळा गळतीने नव्हे, तर नीट न जळलेल्या गॅसातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. म्हणजे नाकावर विसंबून इथे काहीही कळत नाही.

'छोटासा गिझर तो, त्याला कितीशी हवा लागणार?' मेसेजचं सगळं गणित इथेच चुकतं, म्हणून इथे थोडं थांबू. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. वाया जाणारी धरून गिझर तासाला सुमारे 1 किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवून दार लावून आत बसावं, तसा हा प्रकार आहे. 1 किलो एलपीजी पुरता जळायला साधारण 13 घनमीटर, म्हणजे साडेचारशे घनफूट हवा लागते. आता आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम मोजा: 4 बाय 6 फूट, उंची 8. एकूण 192 घनफूट. बंद बाथरूममध्ये दहा मिनिटांत गिझर त्यातली दोन-पंचमांश हवा वापरून टाकतो. पण इतकी वेळ यावी लागतच नाही. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18च्या आसपास उतरला की ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. वरच्या हिशोबाने तिथवर पोचायला चार मिनिटंही लागत नाहीत. फटींतून थोडी हवा आत येते हे धरलं तरी, डोक्यावरून आंघोळ करणाऱ्याला तेवढा वेळ सहज लागतो. त्यानंतर घरातला दुसरा माणूस लगेच आत शिरतो, तेव्हा त्याच्या वाट्याला पहिल्याने उरवलेली हवा येते.

'एक्झॉस्ट फॅन आहे ना!' फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच आत यायला वाट हवी. दार घट्ट आणि खिडकी बंद असेल तर तो नुसता घरघरत राहतो. आणि मला नेहमी नवल वाटतं ते याचं: गॅस गिझर घेतात तो वीज गेली तरी पाणी मिळावं म्हणून. तो सेलवर चालतो. मग वीज गेल्यावर फॅन कशावर चालणार आहे?

'दाराखाली फट ठेवा, वायू जड असतो, खालून निघून जातो.' इथे दोन वायूंची गल्लत झालीय. न जळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलकाच असतो, शिवाय गरम धुरासोबत वर चढतो आणि सगळ्या बाथरूममध्ये मिसळतो. खालच्या फटीतून तो निथळून जात नाही.

वायू शोषून घ्यायला बादली ठेवण्याचा तोडगा तर कुठून आला देव जाणे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. बाथरूमच्या हवेत त्याचं प्रमाण हजारात एक, म्हणजे जिवावर बेतण्याइतकं असेल, तेव्हा 15 लिटरच्या बादलीत अर्धा मिलिलिटरही वायू मावणार नाही. हवेत तो 5 लिटरच्या वर असतो.

निळी ज्योत चांगली, पिवळी वाईट, हे एवढ्यापुरतं खरं आहे: पिवळी ज्योत दिसली तर गिझर वापरूच नये, बर्नरमध्ये बहुधा धूळ-काजळी बसलेली असते. पण उलटं विधान टिकत नाही. निळ्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. आणि आंघोळ करताना ज्योतीकडे बघत कोण उभं राहतं?

'ऑटो कट.' या शब्दाखाली काय-काय खपवलं जातं! ज्योत विझली तर गॅस बंद करणारा सेन्सर असतो. पाणी फार तापलं तर बंद करणारा असतो. बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांचा टायमर असतो. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद करणारी सोयही असते, पण ती आहे की नाही हे पत्रकात वाचून बघावं लागतं, 'असतोच' म्हणून भागत नाही. वीस मिनिटांचा टायमर वरच्या चार मिनिटांपुढे काय कामाचा? शिवाय नळ बंद करून पुन्हा उघडला की गिझर परत पेटतो.

मग बसवायचा कुठे? बाथरूमच्या बाहेर. कोरडी बाल्कनी, मागची उघडी गॅलरी, जिथे मोकळी हवा आहे तिथे. आत येईल ते फक्त गरम पाण्याचा पाइप. भिंतीला एक भोक आणि काही फूट पाइप, एवढाच वाढीव खर्च. बिल्डिंगच्या अरुंद डक्टमध्ये टांगून मोकळं होऊ नका, तुमचा धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये शिरतो.

जोडणीबद्दल मेसेज 'कोणताही प्लंबर करतो' एवढंच सांगतो. पाण्याची बाजू तो करेल. गॅसची बाजू गॅसचं काम येणाऱ्यानेच करावी: आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी, छापलेली मुदत बघून. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून नव्हे. पाइप गॅस असेल तर गिझर पाइप गॅससाठीच बनवलेला हवा. सिलिंडर आणि पाइप गॅस, दोन्हींचा दाब आणि जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) वेगळे असतात.

पहिल्यांदा सुरू करताना आधी गॅस बंद ठेवून पाणी सोडा, पाइपातली हवा निघून जाऊ द्या. मग गॅस उघडा. नळीत हवा असल्यामुळे सुरुवातीला नुसत्या ठिणग्या पडतील. दोन-तीनदा पेटला नाही तर गॅस बंद करून काही मिनिटं थांबा, नाहीतर साचलेला गॅस भपकन पेटतो. पेटल्यावर एक गोष्ट नक्की तपासा: नळ बंद केला की ज्योत लगेच विझली पाहिजे. जळत राहिली तर आतला व्हॉल्व्ह अडकलाय, दुरुस्तीशिवाय पुढे वापरू नका.

राहता राहिलं 'दहा वर्षं काही झालं नाही'. बऱ्याच घरांत झालेलं असतं, पण आंघोळीनंतरची डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पित्ताच्या किंवा उपाशीपोटी आंघोळीच्या नावावर जाते. बाथरूममध्ये फिट येऊन पडलेल्यांमागेही हेच कारण इतक्यांदा निघालं, की आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टांनी त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नाव दिलं. शिवाय त्या दहा वर्षांत जुन्या काचपट्ट्यांच्या झडपा जाऊन घट्ट बसणाऱ्या स्लाइडिंग खिडक्या आल्या, बर्नरवर काजळी चढली. घर तेच, हवा तेवढी राहिली नाही.

कोणी आत कोसळलंच, तर दार सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 लावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 98 दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. डॉक्टरांना 'गॅस गिझर चालू होता' हे वाक्य आधी सांगा, म्हणजे ते लगेच ऑक्सिजन लावून रक्त तपासतील.