एका दाराच्या वायरमुळे चारही स्पीकर बंद कसे पडतात? तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. गाडीतल्या म्युझिक सेटचा डिस्प्ले चालू, गाणं पुढे सरकतंय, पण आवाज शून्य. तरी आम्ही सेट सोडून दारं उघडत बसलो. एका दाराच्या वायरने चारही स्पीकर बंद पडतात हे तुम्हाला पटलेलं नाही. आणि वायरचा एक तुकडा जोडायला दीड तास नि 700 रुपये कशाला, असा तुमचा सवाल आहे. आधी दुसरीकडे "सेट गेलाय, नवा घाला" असं सांगितलं गेलं होतं, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पैशांच्या बाबतीत चूक आमचीच आहे, त्यावर खाली लिहिलंय. पण वायरचं नीट सांगायलाच हवं, कारण नेमक्या याच गैरसमजापायी चांगले सेट काढून टाकले जातात.

तुमच्या सेटमध्ये चारही स्पीकरना आवाज देणारी आयसी, म्हणजे चिप, एकच आहे. स्पीकरची मायनस वायर म्हणजे बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशीच जोडलेली, असं बरेच जण धरून चालतात. तुमच्यासारख्या सेटमध्ये तसं नसतं. सेट चालू असताना स्पीकरच्या प्लस आणि मायनस, दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण 6 व्होल्ट असतात. त्यातली एक जरी पत्र्याला टेकली, तरी आयसी जळू नये म्हणून स्वतःला बंद करून घेते, आणि एकच आयसी असल्याने चारही स्पीकर एकदम मुके होतात. डिस्प्ले, ब्लूटूथ, एफएम यांचं सर्किट वेगळं, म्हणून ते चालूच राहतं. फ्यूजही उडत नाही. अशा गाडीत नवा सेट घातला असता तर तोही तसाच गप्प बसला असता.

म्युट, फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारं सेटिंग) आणि बॅलन्स (डावी-उजवीकडे वाटणारं) आधी पाहून घेतले. ब्लूटूथ आणि एफएम दोन्हींवर आवाज नव्हता, म्हणजे अँटेनाचा प्रश्न नव्हता. मग सेटमागचा स्पीकरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला आणि सेटला थेट आमचा 4 ओहमचा एक स्पीकर लावला. खणखणीत वाजला. सेट चांगला आहे हे तिथेच ठरलं.

त्यानंतर कपलरच्या गाडीकडच्या बाजूच्या आठही वायरी एकेक करून मल्टिमीटरने बॉडीशी तपासल्या. रीडिंग आलं म्हणजे वायरचा पत्र्याशी संबंध आला, त्यामुळे एकीवरही ते यायला नको. सहांवर आलं नाही. पुढच्या डाव्या स्पीकरच्या दोन वायरींवर आलं: पांढरी-काळीवर 0.4 ओहम, पांढरीवर साधारण 4. टेकलेली एकच होती. दुसरीचं रीडिंग स्पीकरच्या कॉइलमधून फिरून येत होतं. दाराचं आतलं पॅड उघडून स्पीकर सोडवला तेव्हा पांढरी मोकळी झाली, पांढरी-काळी तशीच राहिली. म्हणजे स्पीकरही ठीक, दोष मधल्या वायरमध्ये.

खरा वेळ इथून पुढे गेला. दार पूर्ण उघडलं की रीडिंग गायब, अर्धवट लावलं की हजर. बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाणारी वायर दार उघडताना-लावताना दर वेळी वाकते. तुमच्या गाडीत ती नळी पत्र्याच्या भोकातून निसटली होती आणि भोकाच्या धारेने वायरचं आवरण कापलं होतं. पूर्वी आवाज मधूनच जायचा नि सेट बंद-चालू केला की परत यायचा, असं तुम्ही सांगितलं होतं, तेही यामुळेच. नुसती चिकटपट्टी गुंडाळली असती तर पंधरा मिनिटांत गाडी मिळाली असती, पण त्या जागी पट्टी उन्हाने नि पावसाने सुटते. म्हणून वायरचा खराब भाग कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली, सांधा वाकणाऱ्या भागात न ठेवता दाराच्या आत घेतला आणि नळी पुन्हा भोकात बसवली.

आता आमची चूक. 700 मध्ये 300 तपासणीचे आणि 400 कामाचे होते. हे गाडी आत घेण्यापूर्वीच सांगायला हवं होतं. बिलावर नुसतं "वायरिंग" लिहिलं गेलं आणि कापलेली वायर तुम्हाला दाखवलीही नाही. एवढ्या त्रोटक बिलावर कोणीही हेच म्हणालं असतं. तपासणीचा आकडा आधी न सांगितल्यामुळे ते 300 रुपये तुम्हाला परत देत आहोत. बिल घेऊन कधीही या, तपशीलवार नवं बिलही मिळेल.

तोवर घरी एवढं करून पाहा: सेट मध्यम आवाजात लावा आणि डावं पुढचं दार दहा वेळा सावकाश उघडा-लावा. आवाज एकदाही तुटता कामा नये. तुटला, तर सेट लगेच बंद करा, कारण तसाच शॉर्ट वारंवार होत राहिला तर शेवटी आयसी खरोखर जाते. आणि कोणी "सगळ्या मायनस एकत्र करून अर्थ देतो" म्हणालं, तर या सेटवर ते अजिबात करू देऊ नका. आमच्या सांध्यात दोष निघाला तर पुन्हा काम करायचे पैसे घेणार नाही.