श्चुसेव्हला सरडा म्हणण्याआधी

परवा एका आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरीला, म्हणजे मुलांची डिझाइनं तपासायला, गेले होते. चहाच्या वेळी मुलांमध्ये रशियन वास्तुकार अलेक्सेई श्चुसेव्हचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "मॅडम, हा तर सरडा! झार असताना चर्च, लेनिन गेला की समाधी, स्टालिन आला की झुंबरं." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहिते.

झारीनाची, म्हणजे झारच्या बायकोची, सख्खी बहीण एलिझाबेथ हिच्यासाठी श्चुसेव्हने मॉस्कोत मार्फो-मारिंस्की मठातलं चर्च बांधलं, 1908 ते 1912 या काळात. पांढऱ्या भिंती, एकच घुमट आणि भिंतींवर जुन्या रशियन वळणाचं हलकं कोरीवकाम. 1918 मध्ये बोल्शेव्हिकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, त्या बाईला खाणीत ढकलून मारलं. सहाच वर्षांनी, जानेवारी 1924 मध्ये, त्याच बोल्शेव्हिकांनी श्चुसेव्हला रात्री बोलावून सांगितलं, लेनिनची समाधी उभी कर. हाताशी जेमतेम तीन दिवस. जमीन इतकी गोठलेली की खोदाईला सुरुंग लावावे लागले. आधी लाकडाची झाली, काही महिन्यांत पुन्हा लाकडाचीच पण मोठी, आणि 1930 मध्ये आजची दगडी. बाहेरून ना पुतळा, ना विळा-हातोडा. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारा घडीव आकार आणि दारावर एक नाव. विद्यार्थिदशेत हा माणूस समरकंदला तैमूरच्या काळातल्या इमारतींचा अभ्यास करून आला होता. त्या समाधीची शांतता तिथूनच आली असावी, असं मला नेहमी वाटतं. आज्ञा पाळणाऱ्याचं काम इतकं संयमी नसतं.

पुढे पंचावन्नाव्या वर्षी त्याने कृषी मंत्रालयाची इमारत हातात घेतली. गोल वळलेला कोपरा, लांबच लांब पट्टीसारख्या खिडक्या, सजावट शून्य. त्या वयात आपली सगळी भाषा सोडून नवी शिकणं काय असतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

मॉस्कोतल्या 'मॉस्क्वा' हॉटेलची गोष्ट मात्र मला आतून लागते. डिझाइन साव्हेल्येव्ह आणि स्ताप्रान या दोन तरुणांचं, साधं-सपाट. काम सुरू झालं आणि वरची हवा बदलली, खांब आणि कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची नक्षीदार पट्टी) पाहिजेत झालं. मग श्चुसेव्हला आणून त्या सांगाड्यावर नवा चेहरा चढवला.

मी हे केलंय. एका गावच्या पालिकेची इमारत. कॉलम उभे राहिले होते, पहिला स्लॅब पडला होता. निवडणूक झाली, सत्ता बदलली. नवीन मंडळी म्हणाली, "मॅडम, एलिव्हेशनला काही संस्कृती दिसत नाही. कमानी टाका, वर मेघडंबरी घ्या." महिनाभर भांडले. ऑफिसात सात जणांचे पगार होते. शेवटी फायबर-सिमेंटच्या कमानी लागल्या. दुरून दगडी वाटतात, बोटाने ठोकलं की पोकळ वाजतात. आजही त्या रस्त्याने जायचं टाळते.

म्हणून शैली बदलली याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. शिवाय बदलून तो सुरक्षित झाला असंही नाही. ऑगस्ट 1937 मध्ये हॉटेलच्या त्याच दोन तरुणांनी 'प्राव्दा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून त्याच्यावर गंभीर आरोप केले आणि त्याचं काम काढून घेतलं गेलं. स्टालिनच्या अटकसत्राच्या त्या साली अशा पत्राचा शेवट कुठे व्हायचा ते सगळ्यांना माहीत होतं. तो वाचला, पुढे त्याला चार वेळा स्टालिन पारितोषिक मिळालं, चौथं मरणोत्तर. ते मॉस्कोच्या कोम्सोमोल्स्काया मेट्रो स्टेशनसाठी: पिवळं छत, झुंबरं, सेनापतींची मोझेक. ती मोझेक पावेल कोरिनची. हाच कोरिन तरुणपणी मठातल्या त्या चर्चच्या रंगकामाला होता. नंतर स्टालिनही नकोसा झाला, तेव्हा मोझेकमधला त्याचा चेहरा काढून टाकला. छत मात्र आहे तसंच आहे.

माझं भांडण एकाच इमारतीशी आहे. 1940 च्या दशकात मॉस्कोतल्या लुब्यांका चौकातल्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाची वाढ त्याने डिझाइन केली. आत तुरुंग आहे हे तेव्हा मॉस्कोत कोणाला ठाऊक नव्हतं? दर्शनी बाजू देखणी आहे, प्रमाणं अचूक आहेत, आणि मला ती बघवत नाही.

मुलांनो, त्याच्यावर खटला भरायचा तर झुंबरांवरून भरू नका, या इमारतीवरून भरा. माझ्या पोकळ कमानींमागे जन्म-मृत्यूच्या दाखल्याची खिडकी आहे, पाणीपट्टीची रांग आहे. तिथल्या भिंतीमागे कोठड्या होत्या.