उष्ट्याला इंग्रजीत काय म्हणतात?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादानं एक फोटो टाकला. भाचीच्या शाळेत, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, ‘टेबल मॅनर्स डे’ होता. गळ्याशी नॅपकिन खोचलेली चौथीतली पंचवीसेक पोरं, डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी आणि समोरच्या बशीत इडली. भाचीनं कोपरं अंगाशी घट्ट धरली होती आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

ग्रुप पेटायला पाच मिनिटं पुरली. प्रियोळच्या काकांनी ‘हा संस्कृतीवर घाला आहे’ असं लिहून पुढे तीन हात जोडले. वहिनी म्हणाली, उद्या पोरगी हॉटेल मॅनेजमेंटला गेली, जहाजावर गेली, तर हेच उपयोगी पडणार, आमच्यासारखं बावचळायला नको. आईनं आवाजी निरोप पाठवला, ‘इडली गार झाली असेल गे.’ मग गोव्यात प्रत्येक वाद जिथे जातो तिथे हाही गेला. माध्यमाचा प्रश्न निघाला, २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय निघाला, २०१६ मध्ये त्याच भांडणापायी सुभाष वेलिंगकरांना संघाच्या गोव्यातल्या प्रमुखपदावरून दूर केलं गेलं तेही निघालं. इडली बाजूला राहिली. रात्री उशिरा दादानं मला टॅग केलं : ‘तू तिथं राहतेस ना, तूच सांग.’

मी इंग्लंडात स्विंडनला राहते. गोव्याबाहेर इतके गोंयकार एका गावात क्वचितच भेटतील. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातला. त्या एका जन्मदाखल्याच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि मी इथं आले, त्याला नऊ वर्षं झाली. म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होमच्या स्वयंपाकघरात काम करते. म्हणजे रोज तीन वेळा इंग्रज माणसं जेवताना बघणं हीच माझी नोकरी आहे. दादाला तेव्हा फक्त ‘फोन करते’ एवढंच लिहिलं. फोनवर हे सगळं मावलं नाही, म्हणून इथं लिहिते.

पहिलं म्हणजे, काटा एका दुपारी येतो. कामावरच्या एका बाईनं मला चहाच्या सुट्टीत शिकवला. मधेच थांबायचं असेल तर काटा-सुरी बशीत आठ वाजून वीस मिनिटांसारखी ठेवायची, जेवण झालं की साडेसहासारखी, दोन्ही शेजारी शेजारी. घड्याळातही काटे आणि बशीतही काटा, हे मी तिला समजावून सांगायला गेले, पण तो विनोद इंग्रजीत जाईना. वाटाणे तेवढे मला अजून जमत नाहीत. इथली जुनी माणसं काटा उलटा धरून त्याच्या पाठीवर वाटाणे चिरडून खातात. मी चमचा घेते, आणि नऊ वर्षांत त्याबद्दल मला कोणी हटकलं नाही.

अडचण झाली ती वेगळ्याच जागी. तीच बाई, मूळची यॉर्कशरची, एका शनिवारी म्हणाली, ‘कम फॉर टी.’ चहाला बोलावलंय म्हणून मी घरून नीट जेवून निघाले. बांगड्याचं हुमण होतं, त्यामुळे भात दोनदा घेतलेला. तिथं पोचते तर टेबलावर सॉसेज, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही, वाटाणे आणि मागे ओव्हनमध्ये सफरचंदाचा पाय फुगतोय. तिच्याकडे ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. आता आपल्याकडे पोट भरलंय हे सांगायची रीत काय? पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, यजमानीण आग्रह करणार, मग ‘अर्धंच वाढा’ म्हणायचं, आणि शेवटी पानावर दोन्ही हात आडवे धरून ‘पुरे’. मला यातलं काहीच सांगता येईना. ‘आय हॅव ईटन’ म्हणाले असते तर तिच्या टेबलाचा अपमान, आणि नुसतं ‘नो’ तर त्याहून वाईट. शेवटी सगळं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी पेजेवर राहिले.

तिथून पुढे दोन वर्षं मी ‘नको’ शिकत होते. इंग्रजीतला नकार एकदाच देतात आणि तो खरा धरतात. म्हणून तो नीट बांधून द्यावा लागतो : आधी आभार, मग पदार्थाची तारीफ, मग ‘आय कुडन्ट’. देताना विचारायचं तेही ‘डू यू वॉन्ट’ नाही, ‘वुड यू लाइक’. सुरुवातीला मी केअर होममध्ये आजोबा-आजींना ‘यू वॉन्ट सूप?’ असं विचारायचे. मला ते प्रेमाचं वाटायचं, ‘सूप वाढू का’ इतकं साधं. एका आजींनी, त्या पूर्वी शिक्षिका होत्या, चमचा खाली ठेवून सांगितलं की त्या काही दुकानात आलेल्या नाहीत. ते बोलणं मला लागलं, आणि उपयोगीही पडलं.

दर शनिवारी एका सभागृहात नव्यानं आलेल्या लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. आधी मी तिथं शिकायला जायचे, आता मदतनीस म्हणून जाते. एकदा विषय होता जेवणाच्या चालीरीती. छापील कागदावर गाळलेल्या जागा : माझ्या देशात अमुक करणं सभ्य, तमुक करणं असभ्य. इतकं बोलकं सत्र त्या वर्गात दुसरं झालं नसेल. एका जपानी मुलीनं पेन्सिली घेऊन दाखवलं की भातात काड्या उभ्या खुपसायच्या नाहीत, ते मर्तिकाचं लक्षण, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलतात. थाई बाई म्हणाली, काटा आमच्याकडेही असतो, पण तो तोंडात घालत नाहीत, त्यानं भात चमच्यावर लोटायचा आणि खायचं चमच्यानं. इथिओपियाचा एक ड्रायव्हर होता. त्यांच्याकडे सगळे एकाच ताटातल्या इंजेरावरून, म्हणजे मोठ्या आंबवलेल्या धिरड्यावरून, जेवतात, आणि माया दाखवायची असली की आपल्या हातानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालतात. त्याला ते ‘गुर्शा’ म्हणतात. हे सांगताना त्याचं इंग्रजी अडखळत होतं, पण हात अडखळत नव्हता. समोरच्या पोलिश बाईनं हसत तोंड उघडलं आणि त्यानं तिला केकचा घास भरवला.

मग माझी पाळी आली. मला ‘उष्टं’ सांगायचं होतं.

शब्दकोशात ‘लेफ्टओव्हर्स’ मिळतो, पण ते कालचं उरलेलं, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. शिळं वेगळं आणि उष्टं वेगळं. आत्ता शिजवलेल्या गरम आमटीत कोणी तोंडातला चमचा घातला तर ती त्याच क्षणी उष्टी. मी चार वाक्यं केली. पोलिश बाई म्हणाली, ‘म्हणजे जंतू?’ मी म्हटलं नाही, आणि हो. आईनं बाळाचं उष्टं खाल्लं तर चालतं. बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायचं ही तर आमच्या आजीच्या वेळी रीत होती. नवऱ्यानं बायकोच्या ताटात जेवल्याचं मात्र कोणी ऐकलं नाही. हे बोलून गेले आणि माझी मीच थांबले. मराठीत जन्मभर बोलले पण हे कधी असं सलग बोलले नव्हते. इंग्रजीत प्रत्येक गोष्टीचं कारण द्यावं लागत होतं, म्हणून कारण दिसलं.

काकांना मला हेच सांगायचंय. घाला पडतोय म्हणता ती पंगत मला पाठ आहे. केळीच्या पानाचं टोक डावीकडे, वर मीठ, डाव्या बाजूला लोणचं आणि कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, खतखतं, आणि मधे भाताची मूद. पानाभोवती पाणी फिरवून बाबा चित्राहुती घालत, मगच पहिला घास. सुंदरच होतं. पण त्या पंगतीत आई कधीच नव्हती. ती वाढत होती. सगळ्यांची पानं उचलली गेली की ती आणि काकू चुलीपाशी बसायच्या. तोवर हुमणातले तुकडे संपलेले, रस तेवढा उरलेला. कोण कोणाच्या पंगतीला बसणार आणि कोण अंगणात, हेही त्या शिस्तीतच ठरलेलं होतं. चालीरीतींचा अभिमान धरायचा तर हे पदरात घेऊन धरावा लागतो.

आणि गोव्यात जेवायची रीत ही कधी नुसती घरगुती गोष्ट नव्हतीच. इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचं, १७३६ सालचं एक फर्मान आहे. प्रियोळच्याच अ. का. प्रियोळकरांनी त्याबद्दल लिहिलंय, काका, तुमच्याच गावचे. बाटलेल्या लोकांनी काय काय करायचं नाही याची त्यात यादी आहे, त्यात हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही हेही आहे. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता, आम्ही नव्या काबिजादीतले, म्हणजे त्यांनी मागाहून घेतलेल्या मुलखातले, म्हणून वाचलो. आमच्या घरी आजही भात बिनमिठाचा शिजतो आणि मीठ पानावर वेगळं पडतं. स्विंडनमध्ये माझ्या कुकरमध्येही तसाच शिजतो. चिमूटभर मिठासाठी सरकारी फर्मान निघालं होतं हे कळल्यापासून ‘मीठ वाढ’ हे दोन शब्द मला साधे वाटत नाहीत.

पण त्याच पोर्तुगिजांचे बटाटा, मिरची, काजू, अननस, पपई आपण असे पचवले की मिरचीशिवायचं हुमण आज कोणाला सुचतही नाही. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों वाजला की काका स्वतः पिशवी घेऊन गेटपाशी जातात. पोई, उंडो, कातरो. एके काळी पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला असं म्हणायचे. काकांच्या आजोबांनी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता.

काटा तरी इंग्रजांचा कुठे होता! टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशानं इटलीत लोक काट्यानं जेवताना पाहिले आणि १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याचं नवल केलं. घरी परत येऊन तो स्वतः काटा वापरू लागला तेव्हा त्याची थट्टा झाली. तोवर गोव्यात पोर्तुगीज येऊन शंभर वर्षं उलटली होती.

वहिनीचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जगात बोट दाखवणारे आहेतच. २०२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे उमेदवार झोहरान ममदानी हातानं भात खाताना व्हिडिओत दिसले, तर टेक्सासच्या एका अमेरिकी काँग्रेस सदस्यानं सुसंस्कृत माणसं असं खात नाहीत असा शेरा मारला. ती बातमी आमच्या ग्रुपवर सगळ्यात आधी दादानंच रागारागानं टाकली होती, आणि लेकीचा इडली-काट्याचा फोटोही त्यानंच कौतुकानं टाकला. पोरीला काटा धरता येऊ दे, माझी हरकत नाही. पण इडलीला कशाला? ज्या दिवशी बशीत चॉप येईल त्या दिवशी शिकव. तोवर शाळेनं तिला इंग्रजीत आग्रह मोडायला शिकवावं, न आवडलेलं ताटात कसं ठेवायचं ते शिकवावं, आणि ‘तू हातानं का खातेस’ असं कोणी विचारलं तर न चिडता, न लाजता काय बोलायचं ते शिकवावं. हुमणातला काटा बोटांना कळतो, जिभेला उशिरा, आणि स्टीलला कळतच नाही, एवढं तिला इंग्रजीत सांगता आलं तरी पुरे.

त्या शिक्षिका आजींचं सांगायचं राहिलं. गेल्या दोन वर्षांत त्यांची स्मृती झपाट्यानं गेली. आधी काटा कुठल्या हातात ते विसरल्या, मग काटा कशासाठी तेच. ताट समोर असायचं आणि त्या त्याकडे बघत राहायच्या, वजन उतरत गेलं. अशा माणसांसाठी इथं हातानं उचलता येईल असं जेवण देतात, ‘फिंगर फूड’ : सँडविचचे चौकोन, उकडलेल्या गाजराच्या कांड्या, माशाचे तुकडे, अंड्याच्या फोडी. ते बनवायचं काम माझ्याकडे असतं. पहिल्या दिवशी त्यांनी माशाचा तुकडा उचलला, बोटांत जरासा दाबून पाहिला आणि खाल्ला. मग दुसरा. मी समोर बसून माझ्या डब्यातला भात हातानं खात होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि ‘गुड गर्ल’ म्हणाल्या.

चतुर्थीला मी घरी गेले होते. भाचीला शाळेतून निबंध होता, ‘फूड इन माय होम’, इंग्रजीत दहा ओळी. तिनं पिझ्झ्यापासून सुरुवात केली होती. मी म्हटलं, आजीला विचार. ती आजीमागे स्वयंपाकघरात दोन दिवस फिरली. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्यांचं सारण, डब्यातला तांदूळ. तांदूळ संपले असं आजी म्हणत नाही, ‘वाढले’ म्हणते, भरल्या घरात संपलं म्हणायचं नाही म्हणून. भाचीला ते फार आवडलं. निबंधात तिनं लिहिलं, आमच्या घरी राइस कधी फिनिश होत नाही, तो ‘ग्रो’ होतो.

काल तिचा फोन आला. टीचरनी ‘ग्रोज’ला लाल रेघ मारून वर ‘इज ओव्हर’ लिहिलंय. ‘आत्या, आता दुरुस्ती पाच वेळा लिहायचीय. काय लिहू?’

मी म्हटलं, पाच वेळा लिही. आणि खाली एक ओळ मराठीत लिही, वाढले म्हणजे काय ते. ती म्हणाली, मराठी टीचरला येत नाही. मी म्हटलं, मग तोंडी सांग. ‘इंग्रजीत?’ इंग्रजीत. वीस मिनिटं आम्ही दोघी ते वाक्य जुळवत बसलो. मागून आईचा आवाज येत होता, पोरीला जेवायला सोड, पेज गार होते.