बाजारबुणग्यांसाठी पानिपत सहल

दिल्ली-आग्रा-मथुरा उरकली, परतीच्या गाडीला अजून एक दिवस आहे? मग पानिपत 'करून' टाका. परवा काला आंब या तिथल्या युद्धस्मारकावर एका मराठी गोतावळ्याने ते ज्या थाटात केलं, ते पाहून ही नियमावली सुचली.

दिल्लीपासून अंतर नव्वदेक किलोमीटर, रस्ता सरळसोट. म्हणून दहाच्या आत हॉटेल सोडू नये. जानेवारीत धुकं असतं, तेव्हा अकरा.

वाटेत मुरथळ लागतं. पराठे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, दोन तास. येताना पुन्हा थांबायचं, हेही तिथेच ठरवावं.

संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारू नये. दार बंद असेल तर "एवढ्या लांबून, महाराष्ट्रातून आलोय" म्हणून हुज्जत घालावी. उघडं असलंच तर लढाईच्या नकाशाकडे पाठ करून फोटो काढावेत, वीस तरी. मागे कोणी वाचायला ताटकळलं असेल तर त्यालाच फोन द्यावा. मुलाने "आपण कुठे होतो?" विचारलं, तर "फितुरी झाली रे" म्हणून पुढे ढकलावं. मराठे उत्तरेला, पाठीशी पानिपत गाव. अब्दाली दक्षिणेला, दिल्लीची वाट अडवून. आपल्या डावीला इब्राहिमखानाचे गारदी म्हणजे कवायती पायदळ, मध्ये सदाशिवरावभाऊ आणि हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज, उजवीला शिंदे-होळकर, हे सांगत बसलात तर पोरगं आणखी विचारेल. दुपारी दीड-दोनला दिल्लीकडे तोंड करून उभं राहिलं की जानेवारीचं तिरपं ऊन थेट डोळ्यांत जातं, आणि त्या दुपारी आपली माणसं कशी लढली असतील ते न सांगता कळतं. पण त्यासाठी फोनमधलं होकायंत्र उघडावं लागेल. बॅटरी रीलसाठी राखून ठेवा.

१५२६, १५५६, १७६१. तिन्ही लढायांत आपणच होतो असं धरून चालावं.

गावात १५२६ला पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर आहे. हाच तो गारदी, म्हणून मुलांना दाखवावी.

संक्रांतीच्या दिवशी लढाई झाली, हे ठासून सांगावं. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती आणि १४ जानेवारीला पौष शुद्ध अष्टमी होती, ही कटकट पंचांगवाल्यांची.

काला आंबला आधी आंबा शोधावा. झाड नाही, विटांचा स्तंभ आणि लोखंडी कुंपण आहे, हे कळल्यावर फसवल्यासारखं तोंड करावं आणि कुंपणाला पिशव्या अडकवाव्यात.

आता मुख्य नियम. स्मारकावर पाय ठेवताच भूक लागली पाहिजे. "इथे खायला काहीच मिळत नाही का हो?" हे मोठ्याने म्हणायचं.

बरोबर आहे, नाही मिळत. तेव्हाही मिळत नव्हतं. कुंजपुऱ्याला हाती लागलेलं धान्य संपत आलं. अब्दालीने ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, रसद पाठवायची ती गोविंदपंत बुंदेल्यांनी, ते डिसेंबरात मारले गेले. आणि छावणीत खाणारी तोंडं केवढी! लढणारे होतेच, शिवाय लष्कराच्या आसऱ्याने काशी-प्रयाग घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. बैल-घोडे चाऱ्यावाचून मेले. अडीच महिने असे काढल्यावर लोकांनी भाऊला सांगितलं, दोन दिवस पोटात काही नाही, असं मरण्यापेक्षा लढून मरू. मग ते तोंडाला हळद फासून बाहेर पडले. सकाळपासून दुपारपर्यंत लढले ते त्या रिकाम्या पोटांवर.

आणि तुम्ही? तीन-तीन पराठे चापून आलेली माणसं तुम्ही! वेफर्सची पाकिटं दातांनी फोडता, तिथेच सांडता, रिकामी झाली की कुंपणाच्या आत भिरकावता? गाडीत परत न्यायला जड होती का ती? वर स्पीकर लावून घोषणांचं रील, तेही चार वेळा, कारण वहिनींचे डोळे मिटले होते. शरम नाही वाटत? त्या छावणीतल्या बुणग्यांवर निदान उपाशी राहायची तरी पाळी आली होती.

तुमचा तो आठ-नऊ वर्षांचा मुलगा पाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता. 'विश्वासराव'पर्यंत आला होता. चादरींची दुकानं बंद होतील म्हणून दंडाला धरून ओढलंत त्याला. वाचू द्यायचं होतंत. तुमच्या त्या चौदा माणसांत तो एकटाच वाचत होता.