शुभविवाहासाठी शास्त्रीय संगीत: यजमानांस सूचना

‘आमच्याकडे डीजे नाही हं, क्लासिकल आहे’, हे वाक्य तुम्ही एव्हाना प्रत्येक केळवणात बोलून झालं असेल. छान. निम्मं काम तिथेच झालं. आता ते क्लासिकल लग्नात कुणाला फारसं ऐकू जाणार नाही, एवढी व्यवस्था करायची राहिली.

सनई कार्यालयाच्या पॅकेजातलीच घ्या. माणसं बोलावली की त्यांना बसायला जागा लागते, चहा लागतो, आणि ती मधेच थांबतात. पॅकेजातली सनई पेन ड्राइव्हवर असते. जिन्याखालच्या खोलीतला मुलगा सीमांतपूजनाला एकदा बटण दाबतो, ती थेट हॉल रिकामा होईपर्यंत चालते. कोण वाजवतंय असं कुणी विचारलं तर ‘बिस्मिल्ला खाँसाहेब’ म्हणावं, वाजवणारे कुणीही असोत. खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळालं, २००६ साली ते गेले. पण आपल्याकडच्या कार्यालयांत अजून त्यांचा एकही मुहूर्त चुकलेला नाही. परवान्याचीही धास्ती नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ लग्नसमारंभातल्या गाण्या-वाजवण्याला सूट देतं. कायदा इतका उदार आहे, तर रागांच्या वेळा तुम्ही तरी कशाला पाळायच्या?

तरी वेळा पाळणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. मुहूर्त गोरज असेल तर राग त्यांनाच निवडू द्या. ते मारवा सांगतील. सूर्यास्ताचा संधिप्रकाश राग, शास्त्राप्रमाणे अगदी चोख. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि गाणारे षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, यायचं शक्य तितकं टाळतात, त्यामुळे घर समोर दिसतंय पण पोचता येत नाही अशी हुरहुर लागून राहते. मुलगी माहेर सोडून निघाली आहे, वधूपित्याच्या खिशात केटररचं उरलेलं बिल आहे. याहून योग्य राग कुठला शोधाल? वरपक्षाला अगदीच कसंतरी व्हायला लागलं तर यमन लावा. यमन संध्याकाळचा खरा, पण सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांच्या मुहूर्तालाही तो बिनबोभाट लागतो आणि काका तेव्हा नेमके पार्किंग बघायला गेलेले असतात.

लॉनवर मात्र मालकंस-दरबारी या उत्तररात्रीकडच्या रागांचा हट्ट नको. त्यांची वेळ व्हायला लागते तेव्हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचे असतात. शेजारच्या लॉनवर डीजे दहानंतरही सुरू असेल. त्यांची ओळख असते.

मंगलाष्टकं घरच्यांनीच म्हणावीत. त्यांचं वृत्त शार्दूलविक्रीडित. त्यात ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. आत्याला एवढ्या जागेत दोन्हीकडचे आजोबा, कुलदैवत आणि जावयाची अमेरिकेतली नोकरी बसवायची असते. बसते, कारण आत्या यती मानत नाही. पहिलं कडवं तिचं, दुसरं काकूंचं, तिसरं मामांचं, आणि प्रत्येकाचा षड्ज स्वतंत्र. अंतरपाट धरणाऱ्यांचे दंड भरून येतात, नवरानवरी माना खाली घालून हसू दाबतात. जुन्या मंगलाष्टकात ‘वाजंत्रे बहु गलबला न करणे’ अशी स्वच्छ ताकीद आहे. ती ओळ अवश्य म्हणा. ताशेवाला तोवर दाराशी काड्या सरसावून तयारच असतो.

स्वागत समारंभाला बैठक हवी. गायिका नवोदित बघा, म्हणजे मानधनाचा विषय निघाला की ‘पाचशे लोक ऐकतील तुम्हाला’ असं म्हणता येतं. बैठकीची जागा पाणीपुरीचा काउंटर आणि आइस्क्रीम यांच्या मधे. एसीचा झोत तानपुऱ्यांवर येईल असं पाहावं. लावलेले तानपुरे पुन्हा लावावे लागतात, पाहुण्यांना गाणं सुरू झालं असं वाटतं, आणि जुळवाजुळव संपली की एखादा टाळ्याही वाजवतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल सावकाश घेतला तर एका आवर्तनाला, तालाच्या एका फेरीला, मिनिटभर सहज लागतं. तेवढ्यात स्टेजवर दोन कुटुंबांचे फोटो होतात. माइक एकच ठेवा. ‘पांढरी स्विफ्ट गेटसमोरून काढावी’ ही सूचना बरोबर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी आली पाहिजे. इतकं करूनही कुणी समेवर मान हलवली, तर त्या गृहस्थांना गाणं कळतं असं समजून आधी जेवायला पाठवा.

बंदिशीच्या शब्दांकडे तुम्ही लक्ष देऊ नका, कुणीच देत नाही. ख्याल-ठुमरीतले पिया बहुधा आलेलेच नसतात. आले तर पहाटे येतात, आणि ते सवतीकडून. सासू-नणंद जाग्या असतात, पैंजण ऐन वेळी वाजतात. अशी एखादी निवडा, पहिल्या सोफ्यावर वरमाईंना लेकींसह बसवा आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू झालं की बघा, तिघी मायलेकी मांडीवर ताल धरतात.

पाठवणीला भैरवी, आणि भैरवीत ‘बाबुल मोरा’च. ही ठुमरी वाजिद अली शाहांच्या नावावर आहे. इंग्रजांनी १८५६ साली अवध खालसा केलं आणि त्यांना लखनौ सोडून कलकत्त्याला जावं लागलं, त्या वियोगाशी तिचं नातं सांगतात. त्यातली चार कहारांनी सजवलेली डोली म्हणजे तिरडी, असाही अर्थ जाणकार लावतात. तुमची मुलगी कोथरूडहून बावधनला चालली आहे आणि परवा सत्यनारायणाला सगळे पुन्हा भेटणार आहेत. तरी हेच लावा. व्हिडिओवाल्याला रडणं लागतं.

गाडी हलली की गायिकेच्या हातात पाकीट ठेवा. तबला आणि पेटी त्यातच आली, असं तुम्ही धरून चाललेलाच आहात. तिघांनाही ‘जेवल्याशिवाय जायचं नाही हं’ असं अगदी हात धरून सांगा. केटररने सगळं केव्हाच आवरलेलं असतं.