लिफ्टमधला कागद

गेल्या महिन्यात ताईने मला लिफ्टमधला एक फोटो पाठवला. घोडबंदर रोडवरच्या तिच्या सोसायटीची लिफ्ट. पाण्याच्या टाक्या धुण्याच्या सूचनेशेजारी, चारही कोपऱ्यांना सेलोटेप लावलेला, गोल शिक्का मारलेला एक नवा कागद. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, अलीकडे घडलेला प्रकार लक्षात घेता आपापल्या मुलींच्या मोबाईल वापरावर लक्ष ठेवावे व सोसायटीची बदनामी होणार नाही याची दक्षता घ्यावी.’ खाली सेक्रेटरींची सही.

मेलबर्नला रात्रीचे दहा वाजले होते, ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच. त्या कागदावरचा ‘मुलींच्या’ हा शब्द मी बराच वेळ बघत बसले. मग ताईला फोन लावला.

प्रकार असा. (कुणाची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) ताईच्याच विंगमधली दहावीतली मुलगी. क्लासमधल्या एका मुलाशी तिचं चांगलं जमायचं. तो महिनाभर मागे लागला होता, म्हणून तिने त्याला एक खाजगी फोटो पाठवला. पुढे दोघांचं बिनसलं. त्याने तो क्लासच्या मुलांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शाळेच्या ग्रुपवर गेला, तिथून खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपर्यंत. चौथ्या दिवशी मोठ्या माणसांच्या एका ग्रुपवर कुणीतरी तोच फोटो ‘पालकहो, सावध राहा’ असं वर लिहून टाकला. मुलगी पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. मुलगा क्लासला जात होता. त्याच्या आईवडिलांना कुणी काही विचारलंच नाही, उलट ‘त्याचं बोर्डाचं वर्ष आहे, बिचाऱ्याचं नुकसान नको’ असं चारचौघांत बोललं गेलं. तिचंही बोर्डाचंच वर्ष आहे.

‘पण मुळात पाठवायचाच कशाला?’ हे वाक्य ताईने त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं याला गणती नाही. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, पार्किंगमध्ये. तिने मलाही ते ऐकवलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘तू तिकडे बसून बोलू नकोस गं. आम्हाला इथे राहायचंय.’

तिचं म्हणणं खोटं नाही. म्हणून इथलं चांगलं सांगण्याआधी इथलं वाईट सांगते. 2010 च्या सुमारास ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांच्या जनजागृती कार्यक्रमात शाळाशाळांतून एक छोटी फिल्म दाखवत असत. एक मुलगी वर्गात बसली आहे, तिने एका मुलाला पाठवलेला फोटो एकेकाच्या फोनवर पोचतो आहे, आणि सगळे तिच्याकडे बघताहेत. फिल्मचा धडा त्या मुलीसाठी होता. फोन हातात घेऊन बघणाऱ्या वर्गासाठी काहीच नव्हता. 2015 मध्ये ॲडलेडच्या सुमारे 400 बायकांचे खाजगी फोटो एका परदेशी साइटवर आले, तेव्हा इथल्या एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमाने आपल्या फेसबुक पानावर विचारलं की बायकांना हे कधी कळणार. ‘पाठवायचाच कशाला’ हा आपल्याच जिन्यातला प्रश्न, फक्त इंग्रजीत. लोक त्या कार्यक्रमावर तुटून पडले, आणि तो गदारोळ अजून इथल्या लोकांच्या लक्षात आहे. इथली माणसं जन्मजात शहाणी नव्हती. वीसेक वर्षांच्या भांडणातून थोडी बदलली आहेत.

बदललं ते कागदावर आधी. मी राहते त्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. एकमेकांच्या वयाच्या मुलांनी आपसात फोटो पाठवला तर त्यांच्यावर बाललैंगिक साहित्याचा गुन्हा लागणार नाही, पण दुसऱ्याचा खाजगी फोटो पुढे पाठवणं किंवा पाठवीन म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा. रेघ कुठे ओढायची ते त्या दुरुस्तीने ठरवलं. त्यानंतर 2015 मध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी देशपातळीवर आयुक्तांचं कार्यालय उघडलं, दोन वर्षांत ते मोठ्यांसाठीही झालं. आज मुलीने किंवा तिच्या आईने तिथे अर्ज केला तर ते कार्यालय कंपनीला 24 तासांत फोटो काढायचा आदेश देऊ शकतं. अर्जात विचारतात, फोटो कुठे आहे, लिंक काय आहे.

आणि आमच्या घरातली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेत हेच घडलं. शाळेची ईमेल सगळ्या पालकांना आली. पहिलंच वाक्य: तुमच्या मुलाकडे हा फोटो आला असेल तर तो बघू नये, पुढे पाठवू नये, आम्हाला येऊन सांगावं. मग, ज्यांनी पसरवला त्यांच्याबाबत पोलिसांना कळवलं आहे. मग, शाळेच्या समुपदेशकांना कुठे आणि कधी भेटता येईल. ज्याचा फोटो होता त्या मुलाविषयी फक्त ‘विद्यार्थी’ एवढा एक शब्द होता. मी ओट्याशी उभी राहून ती वाचली आणि लेकीला विचारलं, ‘कोण गं ती?’

तिने दप्तरातून डबा काढून सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘आई, तुला कशाला हवंय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला फक्त हवं होतं. आणि ‘ती’ कुठून आली? ईमेलमध्ये मुलगी असं लिहिलंच नव्हतं, ते मीच धरून चालले होते. नौपाड्यातल्या आमच्या चाळवजा इमारतीत मी ज्या कुतूहलात वाढले ते मी विमानात बसवून इथवर आणलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता ताईला जे सांगितलं ते. आपला कायदा या बाबतीत मागे नाही. 2013 मध्ये भारतीय दंड संहितेत 354-सी हे कलम आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते 77 वं आहे. त्याखालचं दुसरं स्पष्टीकरण प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावावं असं आहे. बाईने फोटो काढू दिला असेल, पण तो तिसऱ्या माणसाला दाखवायला संमती दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. ‘पाठवायचाच कशाला’ या प्रश्नाला संसदेने तेव्हाच उत्तर देऊन ठेवलं आहे. संमती एका माणसापुरती असते, ती फोटोबरोबर गावभर जात नाही. शिवाय ही मुलगी पंधरा वर्षांची. म्हणजे पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67-बी कलम लागतं, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.

आणि ते ‘पालकहो, सावध राहा’वाले गृहस्थ? ताई म्हणाली, त्यांचा हेतू चांगला होता. हेतू काहीही असो, त्यांनी अल्पवयीन मुलीचा तसा फोटो प्रसारित केला. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर पुढे न पाठवता असं साहित्य नुसतं बघणं आणि जवळ बाळगणं याबद्दलही पॉक्सोचा अर्थ कडक लावला. तेव्हा ग्रुपवरच्या ज्यांनी तो उघडून बघितला, ‘अरेरे’ लिहिलं आणि फोनमध्ये तसाच राहू दिला, त्यांनी आपापल्या फोनची काळजी आधी करावी.

मग मुलीच्या बाबांनी तक्रार का केली नाही? दोन भीती होत्या. एक, ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की फोटो तिनेच काढून पाठवला आहे, उलट तिच्यावरच शेकायचं. ही भीती अगदीच निराधार नाही, कारण व्हिक्टोरियात आहे तशी सरळ लिहिलेली सूट आपल्या पॉक्सोत नाही. ती यायला हवी. माझ्या मते आपल्याकडच्या वादात सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यावर, आणि कुणी बोलत नाही. ज्या कायद्याने मुलीला वाचवायचं त्याच कायद्याची धमकी देऊन तिला गप्प बसवता येत असेल, तर त्या मुलाला आणखी काय हवं?

दुसरी भीती पोलीस ठाण्याची. मुलीला घेऊन बाकावर बसायचं, येणारे-जाणारे बघणार. पॉक्सोचं 24 वं कलम मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ज्याच्यावर अन्याय झाला त्या मुलाचा किंवा मुलीचा जबाब घरी किंवा ते मूल म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री कुठल्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. ताई दोन मिनिटं गप्प होती. ‘हे कुणाला माहितीच नाही गं,’ म्हणाली. प्रत्यक्षात किती ठिकाणी असं होतं ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक, पण मागायला तरी माहीत हवं. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आणि सरकारचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टल, जिथे मुलांच्या अशा फोटोंची तक्रार नाव न देताही करता येते, हेही त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे. ती फोटो मागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये फिरणाऱ्या फोटोला याचा उपयोग नाही. तिथे माणसांनीच हात आवरायचा असतो.

ताईचा दुसरा मुद्दा होता बंदीचा. ‘तुमच्याकडे सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडिया बंदच केलं ना? आपल्याकडेही करायला हवं.’ हो, 10 डिसेंबर 2025 पासून आहे. लेकीची दोन खाती गेली, ती आठवडाभर रुसली. मी त्या बंदीच्या विरोधात नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप त्यात येत नाही, आणि घोडबंदरचा हा सगळा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर झाला.

आणि आता तर पाठवायचीही गरज उरलेली नाही. जून 2024 मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका शाळेतल्या सुमारे 50 मुलींचे साधे फोटो उचलून, एआयने त्यांचे नग्न फोटो बनवून कुणीतरी पसरवले. सहलीचे, वाढदिवसाचे असावेत तसे कपड्यांतले फोटो. त्यांना काय विचारणार? फोटो काढायचाच कशाला? चेहरा असायचाच कशाला? आईचं एक वाक्य आम्ही दोघी लहानपणापासून ऐकत आलो, मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं. त्या 50 मुलींची बातमी मी आईला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘यात पोरींनी काय केलं?’ आई 76 वर्षांची आहे. तिला एका बातमीत कळलं.

ताईशी माझं खरं वाजलं ते फोन तपासण्यावरून. ती भाचीचा फोन रोज रात्री बघते, पासवर्ड तिच्याकडे असतो. माझं म्हणणं असं की ज्या पोरांना घरात कधी स्वतःचं असं काही मिळालंच नाही, कपाटाला कुलूप नाही, वहीला नाही, फोनला नाही, त्यांना दुसऱ्याचं खाजगी म्हणजे काय हे कुठून कळणार? त्या मुलाने फोटो टाकला तेव्हा आपण कुणाची तरी वस्तू देतोय असं त्याला वाटलंच नसेल. त्याच्या फोनमध्ये होता म्हणजे त्याचा. त्याच्या घरीही त्याचे मेसेज आई वाचत असेल, मावशीला सांगत असेल, सगळे हसत असतील. ताईला हे पटलं नाही. ‘तुझी लेक परदेशात आहे, तिला सांभाळायला शाळा आहे, कायदा आहे. मला मीच आहे,’ म्हणाली. यावर मला बोलता आलं नाही. पण एवढं विचारलं, ‘उद्या भाचीवर अशी वेळ आली तर ती पहिल्यांदा तुझ्याकडे येईल का?’ कारण असल्या प्रकारात धमकी देणाऱ्याचं सगळं बळ ‘घरी कळेल’ या दोन शब्दांत असतं. घरी कळलं तर काही बिघडत नाही, अशी ज्या मुलीची खात्री आहे तिला धमकावणार कशाने?

ताईने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: ‘काल रात्री तिचा फोन बघितला नाही. विचारलं फक्त. दीड तास बोलली.’

लिफ्टमधला कागद बदलावा म्हणून आम्ही दोघींनी मिळून चार ओळी लिहिल्या. कुणाकडे तो फोटो असेल त्याने तो पुसून टाकावा. पुढे पाठवणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे, पाठवणारा मुलगा असो की सत्तर वर्षांचा माणूस. त्या मुलीविषयी कुणी कुणाशी बोलू नये. मदतीसाठी 1098. ताईने तो मजकूर सेक्रेटरींना पाठवला. त्यांनी वाचला आहे, उत्तर दिलेलं नाही. रविवारी सोसायटीची सभा आहे. ताई विषय मांडणार आहे. त्या मुलीची आई येणार नाही म्हणाली, पण तिने ताईकडून तो मजकूर मागून घेतला, आणि तिसऱ्या ओळीत ‘त्या मुलीविषयी’ ऐवजी ‘कुठल्याही मुलाविषयी वा मुलीविषयी’ असं करून परत पाठवला.